हाकेला न दिलेलं उत्तर

त्या सकाळी मोहाच्या झाडाखाली जे घडलं ते मी पाहिलेलं नाही. मी तिथे होते, तरी पाहिलेलं नाही. बातमीदारीत सुरुवातीलाच शिकवतात की आपण न पाहिलेली घटना लिहायची असेल तर ती कोणी पाहिली हे आधी शोधायचं, आणि शक्यतो एकाहून जास्त माणसांना विचारायचं. इथेही तेच करावं लागलं. फरक इतकाच की या वेळी बातमी द्यायची नव्हती. एक गोळी सुरू करायची की नाही, हे ठरवायचं होतं.

मी चंद्रपूरला राहते आणि नागपूरहून निघणाऱ्या एका दैनिकाला जिल्ह्यातल्या बातम्या देते. जंगल आणि जंगलाला लागून असलेली गावं हा माझा भाग. मोहर्लीच्या रस्त्यावर, सफारीच्या जिप्सींची रांग सुरू होण्याच्या बरंच अलीकडे, एक लहान गाव आहे. वाघाच्या हद्दीत तिथली माणसं मोहफुलं कशी वेचतात यावर मला लिहायचं होतं. आदल्या संध्याकाळी मी स्कूटीनं गावात गेले आणि तिथेच राहिले. झोप नीट लागली नाही. हे पुढे डॉक्टरांनी विचारलं म्हणून सांगते.

उजाडल्यावर गाव एकत्र निघतं. जंगलात शिरलं की मात्र प्रत्येक घर आपापल्या झाडाकडे जातं, कारण कोणतं झाड कोणाचं हे फार पूर्वीपासून ठरलेलं आहे. एका झाडाखालून दुसरं झाड दिसत नाही. फुलं वेचणारं माणूस वाकलेलं असतं, आणि वाकलेलं माणूस वाघाला जनावर वाटतं, असं तिथे सगळे सांगतात. म्हणून हाक असते. एका टोकाच्या झाडाखालून कोणी तरी ‘होऽ’ म्हणतं. पुढच्या झाडाखालून उत्तर येतं, मग त्याच्या पुढच्या. अशी ती शेवटच्या झाडापर्यंत जाते आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू होते. मधे कुठे तुटली की ज्याच्या हाकेला उत्तर आलं नाही त्यानं टोपली तिथेच टाकून त्या पुढच्या झाडाकडे जायचं. काय झालं ते तिथे पोचल्यावर विचारायचं. ज्यानं नुसत्या आळसानं उत्तर दिलं नाही त्याला शिव्या मिळतात, आणि तो त्या मुकाट्यानं ऐकून घेतो.

मी ज्या बाईंबरोबर गेले त्या साठीच्या पुढच्या असाव्यात. त्यांची दोन झाडं होती. लहान झाडाखाली मला उभं करून त्या मोठ्या झाडाकडे निघाल्या. जाताना म्हणाल्या, “तुमी फोटो काढा, लिवा, काईबी करा. पन हाक आली का हो म्हना. म्याडम असो का कलेक्टर, इथी सगळ्यायले हो म्हनाच लागते.”

पहिल्या काही हाकांना मी उत्तर दिलेलं मला आठवतं. पालापाचोळा जाळून साफ केलेली काळी जमीन, तिच्यावर पडलेली पिवळट फुलं आणि त्यांचा गोड, जड वासही आठवतो. त्यानंतरची आठवण नाकाशी धरलेल्या चपलेची आहे. चप्पल माझीच होती.

मधलं सगळं मला सांगण्यात आलं. हातपाय झटके खात होते, तोंडातून फेस आला, जीभ चावली गेली. बाईंच्या मुलानं चप्पल हुंगवली. मग त्यानं गावातल्या एकाची गाडी मागवून मला चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं, आणि मला नीट बोलता येईपर्यंत तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. आधी तिथल्या नर्सला वाटलं होतं की मी प्यायले आहे. माझ्या कपड्यांना मोहाचा वास येत होता.

मेंदूचे डॉक्टर नागपूरहून आठवड्यातून एकदा चंद्रपूरला येतात. त्यांच्यापुढे मी बसले तेव्हा मेंदूचा फोटो आणि मेंदूचा आलेख दोन्ही झाले होते आणि दोन्हींत काही सापडलं नव्हतं. ते सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सांगितलं की झटका आयुष्यात एकदाच येऊन पुन्हा कधीच न येणारी माणसं असतात, आणि ज्यांना पुन्हा येतो तीही असतात. मी कोणत्या गटात आहे हे तपासण्यांवरून सांगता येत नव्हतं. एकच झटका आणि स्वच्छ तपासण्या असल्या की दोन्ही मार्ग योग्य असतात. गोळी लगेच सुरू करता येते, किंवा दुसरा झटका येतो का ते पाहत थांबता येतं. सुरू केली तर ती काही वर्षं घ्यावी लागेल, मनानं एक दिवसही सोडायची नाही. झोप येईल, कदाचित चिडचिड होईल. स्कूटी मात्र दोन्ही मार्गांत बरेच महिने बंद. न्हाणीघराला आतून कडी लावायची नाही. तळ्यात, विहिरीपाशी एकटीनं जायचं नाही.

मग त्यांनी विचारलं, “घरी कोण असतं?”

“कोणी नाही.”

“रात्री?”

“रात्रीही कोणी नाही.”

“मग दुसरा झटका आला तर मला सांगणार कोण?”

त्यांच्या आवाजात कीव नव्हती. त्यांना माहिती हवी होती आणि ती माझ्याकडे नव्हती. ते म्हणाले की गोळी लिहून देतो, घाई नाही, ठरवा. आणि जमलं तर ज्यांनी हा झटका सुरुवातीपासून पाहिला त्यांना विचारून या: मान कुठे वळली, कोणता हात आधी हलला, त्याच्या आधी मी कशी वागत होते. यंत्रात जे दिसत नाही ते पाहणाऱ्याला कधी कधी दिसलेलं असतं.

गोळ्या मी त्याच दिवशी आणल्या. पट्टी फ्रिजवर ठेवली, फोडली नाही.

शेजारी मी सांगितलं की ऊन लागलं. चंद्रपुरात उन्हाळ्यात हे कारण कोणी तपासत नाही. कार्यालयाला चक्कर असं कळवलं. त्यांनी आराम करायला सांगितलं आणि जंगलाचा भाग तात्पुरता दुसऱ्या बातमीदाराकडे दिला. मला घरी बसून फोनवरून तालुक्यांच्या बातम्या जमवायचं काम मिळालं. गडचांदूरला कोणी तरी काही तरी बोलायचं, वरोऱ्याला कोणी तरी काही तरी बोलायचं, मी ते लिहून पाठवायची. कूलरच्या आवाजात पलीकडचं नीट ऐकू यायचं नाही म्हणून फोन करताना कूलर बंद ठेवायचा. फोन संपले की पुन्हा चालू करायचा. दिवसातली माझी हालचाल साधारण एवढीच होती.

भाऊ पुण्याला असतो. त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला की एकदा झालं म्हणून लगेच गोळ्या कशाला. एकदा सुरू केल्या की जन्मभर चिकटतात, आणि गोळ्या सुरू म्हणजे आजार आहे असं आपणच कबूल केल्यासारखं. त्याच्या मुलीसाठी स्थळं पाहणं चाललं होतं. घराण्यात मिरगी आहे असं बाहेर जायला नको, असं तो म्हणाला नाही. हे आपल्यातच राहू दे, इतकंच म्हणाला. काही दिवस आमच्याकडे येऊन राहा, असंही म्हणाला. कधी ये, ते त्यानं सांगितलं नाही.

मला त्याचा राग आला नाही, कारण तो म्हणत होता तेच मीही मनात म्हणत होते. पट्टी न फोडता जितके दिवस जातील तितकी ती सकाळ मागे पडेल आणि शेवटी एक अपघात म्हणून उरेल, असा माझा हिशेब होता. गोळी घेतली की ती रोज आठवण करून देणार. शिवाय माझं काम आठवणीवर आणि शब्दांवर चालतं. गोळीनं डोकं मंद झालं तर ते मला कळेल का, हा प्रश्न होता. चिडचिड होईल असं डॉक्टर म्हणाले होते. ती कोणावर होणार हाही एक प्रश्नच होता.

न्हाणीघराची कडी लावणं मी बंद केलं. घरात दुसरं कोणी नसताना दार उघडं ठेवून अंघोळ करताना सुरुवातीला विचित्र वाटायचं. त्या उघड्या दारातून आत येणारं कोणी नाही, हे ते दार उघडं ठेवल्यावरच रोज नीट लक्षात यायचं.

पुढच्या भेटीचा दिवस जवळ आला तसं मी ठरवलं की निदान विचारून यावं. एसटीनं गेले. स्कूटीवर जो रस्ता ओळखीचा होता तो खिडकीतून पाहताना भलताच लांब वाटला. मोहाचे दिवस सरले होते. अंगणांत वाळलेली फुलं पसरली होती, मनुकांसारखी तांबूस झालेली. बाई आणि त्यांचा मुलगा दोघंही घरी होते. मुलगा जिप्सी चालवतो, दुपारच्या फेरीला त्याला जायचं होतं. त्यानं मला पाहिलं आणि आधी माझ्या पायांकडे पाहिलं.

“तेच चप्पल घालून आल्या का?” तो म्हणाला. “जपून ठेवा, म्याडम. ते नसतं ना, तं तुमी अजून मोहाखालीच राह्यल्या असत्या.”

मी त्याला सांगितलं की चपलेचा उपयोग नसतो, झटका आपोआप थांबतो. कुशीवर वळवायचं आणि तोंडात काही घालायचं नाही, एवढंच करायचं असतं. त्याला ते पटलं नाही. त्यानं चप्पल धरली आणि मी थांबले, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच्या बाजूनं पुरावा होता.

मी दोघांना वेगवेगळं विचारलं, सवयीनं. कोणता हात आधी, या प्रश्नाला मुलगा म्हणाला, दोन्ही. तो आईची हाकाटी ऐकून पळत आला होता, त्यानं सुरुवात पाहिलेली नव्हती. बाई म्हणाल्या, त्याही आल्या तेव्हा मी जमिनीवरच होते. म्हणजे सुरुवात कोणीच पाहिली नव्हती. यायचं कारण तिथेच संपलं. मुलगा गाडीच्या वेळेला निघून गेला. बाईंनी चहा ठेवला, आणि मी परतीची एसटी कधी आहे ते विचारलं.

त्या चहा गाळता गाळता पाठमोऱ्याच म्हणाल्या, “म्याडम, हाक दोनदा तुटली होती.”

मला आधी समजलं नाही. त्या वळल्या, कप माझ्यापुढे ठेवला आणि जमिनीवर बसल्या.

“पयल्या खेपेले मी आली होती तुमच्यापाशी. तुमी उभ्या होत्या. ओढनीचं टोक असं चोळून राह्यल्या होत्या. चोळूनच राह्यल्या होत्या.” त्यांनी बोटांनी करून दाखवलं. “मी म्हनलं, म्याडम, हो काऊन नाई म्हनत? तुमी मायाकडं पाहून राह्यल्या, पन बोलत नाई. मंग मी एक शिवी देल्ली.”

“कोणती?”

“मोठी होती. छापाची नाई.”

शिवीवरही मी रागावले नाही, म्हणून त्यांना नवल वाटलं होतं. बाई एक तर मोठ्या मनाची आहे नाही तर बहिरी आहे, असं त्यांनी धरलं. मग थोड्या वेळानं मी आपल्या मनानं ‘हो’ म्हटलं, कोणी हाक दिलेली नसताना. त्या वैतागून आपल्या झाडाकडे परत गेल्या. पुढच्या एकदोन हाकांना मी नीट उत्तर दिलं होतं, असंही त्यांनी सांगितलं. मला यातलं काहीही आठवत नव्हतं. शिवीही नाही.

“आन् दुसऱ्या खेपेले,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या खेपेले मी उठली नाई. म्हनलं, शिकलेली बाई आहे, असंन आपल्याच नादात. मीच पुढच्या झाडाले हो देल्ली तुमच्या बदल्यात. टोपली भरली, मंग आली. आमच्यात असं करत नाई, म्याडम. हाक तुटली तं जाच लागते. पोरालेबी नाई सांगतलं मी.”

एवढे दिवस त्यांना वाटत होतं की मला ते माहीत आहे आणि कधी ना कधी मी ते छापणार. मला दारात पाहिलं तेव्हा त्यासाठीच आले असं त्यांनी धरलं होतं.

मी म्हटलं, “बाई, तुम्ही पहिल्यांदा आलात, म्हणून आज मला हे कळलं.”

यानं त्यांचं समाधान झालं असं दिसलं नाही. नियम पहिल्या वेळेचा वेगळा आणि दुसऱ्या वेळेचा वेगळा असा नव्हता. त्यांनी कप उचलले आणि एसटीची वेळ सांगितली.

परतीच्या एसटीत मी माझ्याच घरातल्या घटना आठवून पाहिल्या. हिवाळ्यात एकदा दुधाचं पातेलं तळापर्यंत जळालं होतं आणि मी ओट्यासमोरच उभी होते. मला वाटलं, विचारात होते. एकदा बातमी सांगताना फोनवरचा उपसंपादक म्हणाला होता, मधे तुमचा आवाज गेला होता. मी रेंजला दोष दिला. एकदा वरोरा नाक्याला मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि सिग्नल हिरवा कधी झाला ते मला कळलं नव्हतं. तेव्हा मी स्कूटीवर होते. यातलं एकही मी खात्रीनं सांगू शकत नाही. दूध कोणाचंही जळतं, फोन कोणाचाही तुटतो. पण जंगलात माझा आवाज आला नाही तेव्हा एक बाई टोपली टाकून पाहायला आली होती. घरात किती वेळा असं झालं असेल, ते सांगायला भिंतींशिवाय कोणी नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओढणीचं त्यांनी पुन्हा विचारलं: बोटांनी चोळत होतात? एकाच हाताच्या? त्यांना हाकेची पद्धतही समजावून सांगावी लागली, कारण त्याशिवाय बाई का आल्या आणि दुसऱ्यांदा का आल्या नाहीत ते कळत नव्हतं. शिवीपाशी ते किंचित हसले. मग म्हणाले की आता चित्र बदललं. उभ्या उभ्या हरवणं हाही झटक्याचाच एक प्रकार असतो, आणि दूध, फोन, सिग्नल हे सगळं त्यातलंच असेल असं नाही, पण काही असू शकेल. म्हणजे मोहाखालचा झटका पहिला नसावा. “ठरवायचं तुम्हीच,” ते म्हणाले. “पण आता माझं मत विचाराल तर सुरू करा.”

मी तिथे होकार दिला नाही. घरी आले. पट्टी फ्रिजवर होती तिथेच होती. दोन्ही बाजू मी पुन्हा मांडून पाहिल्या. भावाची बाजू, माझी बाजू, डॉक्टरांची. भावाचं आणि माझं म्हणणं एका गोष्टीवर उभं होतं: एकदाच झालं. ती गोष्ट आता उरली नव्हती. आणि थांबून पाहायचं ठरवलंच, तरी त्यासाठी पाहणारं कोणी तरी लागतं. मी हरवलेली असताना मी साक्षीदार होऊ शकत नाही. हे लक्षात आल्यावर ठरवण्यासारखं फार राहिलं नाही.

सकाळी पट्टी फोडली. गोळी गिळायला सोपी होती.

खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे घराची दुसरी किल्ली दिली आणि खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “ऊन लागलं होतं म्हणाली होतीस ना?” मी म्हटलं, ते खरं नव्हतं. त्यांनी किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला अडकवली. कधी वर येऊन पाहायचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मलाही सांगता आलं नाही. भावाला मी नुसतं कळवलं. त्यानं बरं म्हटलं.

सुरुवातीचे दिवस झोपेत गेले. शब्द उशिरा सुचायचे, पण सुचायचे. मोहफुलांची बातमी मी त्याच दिवसांत पूर्ण केली. हाकेबद्दल लिहिलं. तुटलेल्या हाकेबद्दल लिहिलं नाही. छापून आल्यावर मुलाच्या मोबाइलवर फोन केला, तर तो बाईंनीच उचलला. मुलानं त्यांना बातमी वाचून दाखवली होती. त्यांनी तिच्याबद्दल काही म्हटलं नाही. डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. मी सांगितलं, गोळी सुरू केली.

“कोन देते गोळी तुमाले?”

“मीच घेते.”

“आन् नाई घेतली तं?”

मी गप्प राहिले, आणि बहुधा जरा जास्तच वेळ गप्प राहिले, कारण पलीकडचा त्यांचा आवाज एकदम बदलला. जंगलात असायचा तसा लांब आणि वर चढलेला.

“होऽ?”

“हो,” मी म्हटलं. “आहे मी.”

“मंग बोलत जा ना,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. दोघींची तेवढी ओळख नव्हती. गोळी मी सकाळी आणि संध्याकाळी घेते. संध्याकाळची गोळी घेण्याआधी कूलर बंद करते. त्याचं काही कारण नाही. पंख्याची पाती थांबेपर्यंत घर शांत होत जातं, रस्त्यावरचं बोलणं ऐकू येऊ लागतं, आणि मला ते ऐकू येतंय हे कळतं. मग गोळी घेते.